गुराबेच्या पोटातल्या भिंती

शंखदुर्गाच्या पश्चिम बुरुजावर पहाटेचा उजेड उतरत होता आणि खाली गोदीत, नव्या गुराबेच्या पोटातून, सागवानी फळ्या उपटल्याचा आवाज येत होता. तो ऐकून ती गुराब बांधणारा धाकू मेस्त धावत आला. त्या किनाऱ्यावर जहाजे खडकावर आदळून फुटताना त्याने आयुष्यभर पाहिली होती. म्हणून या गुराबेच्या तळात त्याने डांबराने सांधे बुजवलेल्या चार आडव्या भिंती घातल्या होत्या, की एक कप्पा फुटला तरी पाणी तेथेच अडावे आणि उरलेल्या कप्प्यांवर जहाज तरंगत राहावे.

आरमाराचे सुभेदार विसाजीपंत तेथे उभे होते.

"सरकार, भिंती गेल्या तर खडकाचा एक घाव तिला पुरेल," धाकू हात जोडून म्हणाला.

"मेस्त, समोर खारगडात तीनशे माणसे उपाशी आहेत. वेढा चुकवून एकच खेप साधेल. भिंती काढल्या तर दोनशे पोती अधिक मावतात. तुम्हीच सांगा, काय सोडू?"

धाकू वाटेतून बाजूला झाला.

गुराबेचा तांडेल गोनाजी भाटकर हा त्याचा जावई. निघताना तो पाया पडला, तेव्हा धाकू म्हणाला, "खडकांजवळून नेऊ नको."

"दुसरी वाट शत्रूनं ठेवलीय कुठं, मामा?"

दुपारी बुरुजावरून सर्वांनी पाहिले. तोफांचा मारा चुकवीत निघालेली गुराब एकाएकी खडकावर आदळून थबकली, थरथरली, आणि तिची नाळ, पुढचे टोक, हळूहळू पाण्यात झुकू लागली. मदतीस मचवे धाडावेत, तर मध्ये शत्रूची गलबते. पाणी आता कुठवर आले असेल, हे धाकूला हाताच्या रेषांसारखे ठाऊक होते, आणि करण्यासारखे काहीच नव्हते. गोनाजीने खलाशांना पाण्यात उड्या घ्यायला लावल्या. स्वतः मात्र सुकाणू न सोडता ते बुडते जहाज त्याने खारगडाच्या पुळणीकडे रेटले. गडकरी कमरेएवढ्या पाण्यात उतरून पोती ओढू लागले. नव्वद पोती निघाली. गोनाजी निघाला नाही.

त्या धान्यावर खारगड एकोणीस दिवस झुंजला आणि मग पडला.

विसाजीपंत स्वतः धाकूच्या दारी आले. "यापुढे तुमच्या भिंतींना कोणी हात लावणार नाही," एवढेच ते बोलू शकले. धाकूने मुजरा केला.

ते गेल्यावर त्याची लेक, गोनाजीची बायको भागू, उंबऱ्यापाशी आली. "बाबा, भिंती असत्या तर ते वाचले असते?"

लाकडाच्या बाबतीत धाकू तोवर जन्मात खोटे बोलला नव्हता.

"नाही पोरी," तो म्हणाला. "तरीही बुडालीच असती."