तिसरी घडी

अट साधी होती. मैदानावर हवाई छत्र्यांच्या घड्या घालणाऱ्याने एकदा तरी आपल्या हातची छत्री पाठीवर बांधून विमानातून उडी मारायची. नाहीतर घडीचं टेबल सोडायचं. मुदतीचा आज शेवटचा दिवस. म्हणून वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी घडीमावशी आभाळाच्या वाटेला लागली होती.

एकोणीस वर्षं तिने ते लांबलचक टेबल सांभाळलं होतं. नवरा गेला, लेक नोकरीसाठी दूर गेली, टेबल राहिलं. घडी चुकू नये म्हणून तिने आपल्यापुरती एक ओवी रचली होती. एका ओळीला एक घडी:

पहिली घडी गं पाण्याची,
दुसरी वाऱ्याच्या गाण्याची,
तिसरी लेकीच्या येण्याची,
चौथी मोकळी जाण्याची.

ओवी संपली की छत्री पिशवीत. उडी मारून आलेला जो तो आपली छत्री कवेत घेऊन तिच्या खिडकीशी यायचा आणि एकच शब्द सांगायचा, "उघडली." ती म्हणायची, "बस. पाणी पी." मैदानाचा हा रिवाज होता. कित्येक दिवस तर तिचं बोलणं तेवढंच व्हायचं.

आज बारा तयार पिशव्यांतून तिने डोळे मिटून एक उचलली होती. विमान घरघरत वर चढलं. शेतं गोधडीच्या तुकड्यांएवढी झाली, नदी विसरून राहिलेल्या दोऱ्यासारखी दिसू लागली.

"भीती वाटते का मावशी?" उड्या शिकवणाऱ्या उस्तादांनी विचारलं.

"वाटते ना. तुमच्या विमानाची. केवढं खडखडतंय ते."

पुढे वैमानिक खुदकन हसला.

"पट्टा विमानाला अडकवलाय, छत्री तोच ओढेल," उस्ताद म्हणाले. "तुम्ही चारपर्यंत आकडे मोजायचे आणि वर बघायचं."

"आकडे कशाला? माझी ओवी आहे की."

दार उघडलं. वारा आत घुसला. उस्तादांनी खांद्यावर थाप मारली, आणि तिने पाय सोडले!

पहिली घडी गं पाण्याची. दुसरी वाऱ्याच्या... तिसरी...

आणि तिला कालची संध्याकाळ आठवली. नेमक्या याच ओळीला फोन वाजला होता. "आई, यंदाही यायला जमणार नाही गं." फोन ठेवून ती टेबलाकडे वळली, आणि ती ओळ काही तिच्या तोंडून निघेना. तिने थेट चौथी म्हटली. तिसरी घडी घातली होती का? बारातली ती पिशवी कुठली?

खाड्कन हिसका बसला! तिने वर पाहिलं. छत्री उघडली होती, पण दोऱ्या एकमेकींत पिळून मानेवर आल्या होत्या आणि ती स्वतः भोवऱ्यासारखी फिरत होती. हात राखीव छत्रीच्या लाल मुठीकडे गेला. तिथेच थांबला. एकोणीस वर्षं बोटांनी ओळखलेली ती गोष्ट होती. पीळ आहे, गाठ नाही.

तिने दोऱ्या दोन्ही हातांनी फाकवल्या. पाय झाडले. एक वेढा सुटला. पुन्हा झाडले. दुसरा! तिसरा! आणि छत्री फुलासारखी उमलून स्थिर झाली.

मग शांतता. इतकी, की आपलाच श्वास परका वाटावा. एवढ्या आभाळात ती एकटी, आणि डोक्यावर तिनेच घडी घातलेलं कापड. आतून ते किती सुंदर दिसतं, हे तिला इतक्या वर्षांत कुणी सांगितलंच नव्हतं.

पण त्या वेळात वारा तिला रानाकडे घेऊन चालला होता. मैदान मागे पडलं. खाली नुसती झाडंच झाडं! पलीकडे तळ्याची कड दिसली. तिने डावी दोरी जीव खाऊन ओढली, शेवटच्या शेंड्यांना पाय घासले, आणि कमरभर चिखलपाण्यात ती धपकन बसली.

हातपाय धड होते. अट पुरी झाली होती, टेबल तिचं होतं. पण पीळ कुणाच्याही छत्रीला पडतो. नुसत्या पिळावरून काही कळत नाही. ती चुकलेली पिशवी अजून फळीवर असली तर? तीन वाजता नवशिक्यांची तुकडी उडणार होती.

ओली छत्री कवेत घेऊन ती चालू लागली. काटेरी झुडपांनी बाह्या फाडल्या. ओढा लागला, छत्री डोक्यावर धरून ती छातीभर पाण्यातून पार झाली. वाट चुकली, सूर्य बघून पुन्हा धरली. बसावंसं वाटलं की ती ओवी म्हणे, आणि तिसऱ्या ओळीशी तिची पावलं आपोआप झपझप पडत.

ती पोचली तेव्हा मुलं पिशव्या बांधून विमानाकडे निघाली होती.

"उतरवा," ती धापा टाकत म्हणाली. "सगळ्यांनी उतरवा."

तिच्या शोधातून आत्ताच परतलेले उस्ताद धावत आले. "अहो, अख्खं रान पालथं घातलं आम्ही! काय झालं?"

"काल एक घडी चुकली असेल माझी. कुठल्या पिशवीत, ते माहीत नाही."

उस्तादांनी मुलांना पिशव्या उतरवायची खूण केली. "मला वर कळवावं लागेल हे."

"कळवा."

मुलं कुरकुरत घरी गेली. तिने अकराच्या अकरा पिशव्या उघडल्या. प्रत्येकीत तिसरी घडी जागच्या जागी होती. म्हणजे चुकली असलीच, तर ती तिच्याच पाठीवर होती. तिने कपाळ टेबलाला टेकवलं.

जाता जाता उस्तादांनी आत डोकावलं. "किल्ली खिडकीत ठेवतोय. उद्या लवकर या मावशी, अकरा घालायच्यात."

सगळे गेल्यावर तिने फोन रुमालात बांधून दाराबाहेरच्या खिळ्याला अडकवला. ऐकू येईल, पण घडी घालताना हात पोचणार नाही असा. मग ओली छत्री कवेत घेऊन ती बाहेरून खिडकीशी आली. आत तिचं स्टूल रिकामं होतं.

"उघडली," ती म्हणाली.

मग वळसा घालून आत गेली, स्टुलाकडे बोट केलं.

"बस," ती म्हणाली. "पाणी पी."