आप्पांची सही

रविवारी दुपारी जेवणं आटोपली आणि इरावतीने नवा सर्व्हर लावायला घेतला. सर्व्हर म्हणजे फार काही नाही, कपाटावर मावेल असा लहानसा कॉम्प्युटर. आप्पांचा जुना तिथेच, मुलुंडच्या या घरात नऊ वर्षं चालला. आप्पा गेले आणि दोन महिन्यांत तोही बंद पडला.

आप्पा, म्हणजे तिचे वडील श्यामकांत, टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. कंपन्यांची चॅटची ॲप त्यांना फुकटातही नको असत. "माझं बोलणं माझ्या घरात राहील," म्हणायचे. साठी उलटल्यावर पठ्ठ्याने पुस्तकं धुंडाळून स्वतःचा चॅट सर्व्हर उभा केला. मग बोरिवलीच्या गुणाजींना आणि जोगेश्वरीच्या नलिनीताईंना त्यांच्या त्यांच्या घरी उभा करून दिला. चूल ज्याची त्याची वेगळी, पण भाजीची वाटी इकडून तिकडे चालू, असा तो कारभार. वर मालक कोणी नाही. इरावतीला या माणसाचं भारी कौतुक, आणि ते आजही तसूभर कमी झालं नव्हतं.

जाताना त्यांनी एकच मागितलं होतं. "माझ्या नावाचा सर्व्हर बंद पडू देऊ नकोस."

आणि नेमकी तिनेच माती खाल्ली. जुनी डिस्क भंगारात देण्याआधी तिला ड्रिलने भोकं पाडायची, ही आप्पांचीच शिस्त. तिने काल इमानेइतबारे तीन भोकं पाडली. सर्व्हरची गुप्त किल्ली, म्हणजे प्रत्येक निरोपावर त्याची सही उमटवणारी फाइल, त्याच डिस्कवर होती, दुसरीकडे कुठेच नव्हती, हे तिला आज आठवलं. त्या किल्लीची सही असल्याशिवाय बाकीची घरं निरोप आत घेत नाहीत.

तिने नवी किल्ली बनवली, नाव आप्पांचंच ठेवलं, निरोप धाडला आणि फोन लावला.

"गुणाजीकाका, आला का?"

"नाय गो बाय. मशीन म्हणता, नाव श्यामकांतचा, पण सही त्याची नाय. दारातच अडवल्यान तुका."

तिला रडू फुटलं आणि त्यातच हसूही आलं. काय पक्कं काम करून ठेवलं होतं आप्पांनी! पोटच्या पोरीलाही सवलत नाही. पण त्यांचं नाव मात्र आता कायमचं बुडालं होतं, आणि तेही तिच्या हातून.

कपाटावरच्या मशीनचा बारीक पंखा घुंघुं करत होता. मग तो वास आला. तारेला डाख देताना येतो तसा, राळेचा. आप्पा गेल्यापासून घरात कोणी डाख दिला नव्हता.

"थांब गो..." गुणाजी म्हणाले. "काय तरी इला. 'नवी किल्ली माझ्या मुलीची आहे. तिला आत घ्या.' आणि सही... जुनी. जुळली."

"जुनी कशी असेल काका?"

"तीनदा बघलंय, बाय. श्यामकांतचीच."

डिस्क समोर टेबलावर पडली होती. तिन्ही भोकांतून खालचा पेपर दिसत होता.

आधी तिला भीती वाटलीच नाही. अभिमानाने ऊर भरून आला. "करून दाखवलंत आप्पा," ती पुटपुटली. मग वास वाढला, अगदी मानेमागून आल्यासारखा, आणि ती दचकून उठली. तिने कपाटामागे हात घालून प्लग खेचला. हिरवा दिवा विझला, पंखा थांबला.

"काका... मी बंद केलं. प्लग माझ्या हातात आहे."

"बंद केलंस?" गुणाजींचा आवाज पार बसला होता. "मगे तुझ्या घराकडून ह्या आता कोण लिवता?"

"काय... लिहिलंय?"

"विचारतत... 'इरा, प्लग का काढलास?'"