पत्र्यांमागचा आवाज

"खुशी, तू डावीकडून जा. मोहित, माझ्या मागं राह्य. अन् कोणी खोकलं तर पाहा."

आम्रपालीने हुकूम सोडला आणि तिघं धानाच्या बांधावरून वाकून निघाली. दिवाळीची सुट्टी लागली होती. गावातली बाकी पोरं शाळेच्या मैदानावर क्रिकेट खेळत होती. आम्रपालीने मात्र धाकट्या भावाला, मोहितला, आणि वर्गमैत्रीण खुशीला चिखलात आणून सोडलं होतं.

खुशीच्या शेताच्या टोकाला सारसांची जोडी उभी होती. माणसाएवढे उंच, लाल डोक्यांचे ते पक्षी चरत नव्हते. माना वर करून ओरडत होते, दोन पावलं पुढे जात होते, परत मागे येत होते.

"कालपासून इथून हालून नाही राह्यले," आम्रपाली कुजबुजली. "अन् पिल्लू संग नाही."

"कुत्र्यानं नेलं असंन," मोहित म्हणाला. "सरिता मॅडम तेच म्हणत होत्या."

सरिता मॅडम म्हणजे वनरक्षक. आम्रपालीने निरोप धाडल्यावर त्या सकाळी येऊन गेल्या होत्या. दुरून दोन पक्षी पाहिले, पिल्लू वाचलं नसेल म्हणाल्या आणि स्कूटरवर बसून निघून गेल्या. आम्रपालीला इतका राग आला होता की डोळ्यांत पाणी आलं. पावसाळ्यात या जोडीने पाणथळ बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, घरटं केलं, तेव्हापासून ती त्यांना पाहत होती. पिल्लू आता चांगलं उंच झालं होतं. कुत्र्याने नेलं असतं तर कुठे पिसं दिसली असती, चिखलात झटापट दिसली असती. तसं काहीच नव्हतं. पण ऐकणार कोण? मोठेपणी पक्ष्यांचा अभ्यास करणार, असं तिने वर्गात सांगितलं तेव्हा सगळा वर्ग हसला होता. बाबा तर म्हणायचे, "एवढी आवड आहे तर कोंबड्या पाळ."

"मेलं असतं तर हे दोघं इथंच काहून थांबले असते?" ती म्हणाली. "पाहा ना, ओरडतात अन् तिकडं पाहतात."

तिकडे, शेताला लागून, ठेकेदाराने कालच पत्रे उभे केले होते. नव्या रस्त्यासाठी तिथून मुरूम काढला होता. आत मशीन धडधडत होती. तिघं पत्र्यांजवळ जाऊन बसली. फट सापडेना. शेवटी जेवायची सुट्टी झाली आणि मशीन थांबली.

सारस पुन्हा ओरडले. त्यांचा आवाज विरला आणि पत्र्यांमागून बारीक, थरथरती शीळ आली.

आम्रपालीने मोहितचं मनगट धरलं. "आयकलं?"

"मले तर काहीच नाही आलं ऐकू."

"मलेही नाही," खुशी म्हणाली. "पत्रा वाजला असंन हवेनं."

आम्रपालीने पत्र्याला कान लावला. खरंच पत्रा वाजला असेल तर? सगळेच चुकतात आणि आपण एकटेच बरोबर, असं कसं होईल? तिने डोळे मिटून आठवलं. हीच शीळ तिने आईबापामागे धावणाऱ्या पिल्लाच्या तोंडून कितीदा ऐकली होती. हवेला अशी शीळ येत नाही.

"पिल्लूच आहे," ती उठत म्हणाली. "चला."

पत्र्यांच्या फाटकापाशी ठेकेदाराचा मुंशी चैतराम डबा खात बसला होता. आम्रपालीने पिल्लाचं सांगितलं, तर त्याने हातानेच त्यांना हटकलं. "आत काही नाही. खड्डा होता, तो कवाचाच बुजवला. जा, खेळा कुठी."

तिघं पळत पंचायतीत गेली. तिथे आम्रपालीचे बाबा महेंद्र कसल्याशा कामाला आले होते आणि सरिता मॅडमही होत्या. आम्रपालीने धापा टाकत सगळं सांगितलं.

"पुन्हा सारस?" बाबा वैतागले. "लोकायले कामं आहेत, बेटा. तुझे कान वाजून राह्यले."

"एकदा चला, मॅडम. मग मी पुन्हा कधीच नाही बोलावणार."

सरिता मॅडमनी घड्याळ पाहिलं. त्यांना पुढे किरनापूरला जायचं होतं आणि तो रस्ता तसाही तिकडूनच होता. त्या निघाल्या. मागोमाग बाबाही, कपाळाला आठ्या घालून.

फाटकाशी चैतरामने मॅडमना नमस्कार केला. "खड्डा बुजवला, मॅडम. पंचायतीलेही सांगितलं." तेवढ्यात मशीन सुरू झाली आणि शीळ असलीच तर तीही बुडून गेली. मॅडम स्कूटरकडे वळल्या.

आम्रपालीचा जीव तडफडला. मग तिने अगदी साधेपणाने विचारलं, "काका, बुजवला ना? मग आम्ही इकडूनच जातो. खुशीचं शेत पलीकडं आहे, जवळ पडंन."

आणि ती फाटकातून आत शिरून सरळ चालू लागली.

"ए पोरी, थांब!" चैतराम ओरडत धावला. त्याने तिचा दंड पकडला. "बुडशील ना त्याच्यात!"

मॅडम जागच्या जागी थांबल्या. "कशात बुडेल?"

चैतरामला बाजूला सारून त्या आत शिरल्या.

पुढच्या ढिगाऱ्यामागेच खड्डा होता. खोल, उभ्या कडांचा, अर्धा पाण्याने भरलेला. एका कोपऱ्यात तांबूस डोक्याचं, चिखलाने माखलेलं पिल्लू थरथरत उभं होतं.

मग एकदमच सगळ्यांना घाई झाली. मजुरांतल्या कोणी पोतं आणलं, कोणी दोरी. पिल्लू घाबरून खोल पाण्याकडे सरकलं.

"पकडू नका!" आम्रपाली किंचाळली. "पाय मोडतीन त्याचे. मशीन बंद करा. शेताकडचे पत्रे काढा, अन् तिकडची कड फावड्यानं उतरती करा. ते आपलं आपण येईन."

कोणी ऐकेना. तेव्हा बाबांनीच पोतंवाल्याला मागे ओढलं. "ती म्हणते तसं करा."

कड उतरती झाली. आम्रपालीने सगळ्यांना लांब बसवलं. कोणी उठलं की ती डोळे वटारायची. पिल्लू चढलं आणि घसरलं. पुन्हा चढलं, पुन्हा घसरलं. आम्रपालीने ओठ चावला. पलीकडून जोडी एका सुरात ओरडली आणि या वेळी पिल्लू लांब पाय टाकत वर आलं. धानात शिरलं. दोन लाल डोक्यांच्या मधे त्याचं तांबूस डोकं उभं राहिलं.

खड्ड्याला कुंपण होईपर्यंत काम बंद, असं मॅडमनी चैतरामला बजावलं. मग त्या आम्रपालीजवळ आल्या. "हे माझं रोजचं काम आहे, अन् मी परत फिरले होते. तू नाही फिरलीस. शाबास."

"मलेही वाटलं होतं मॅडम, माझंच चुकलं असंन."

"तरी आत चालत गेलीस ना!"

परतताना मोहित आणि खुशी पुढे भांडत चालली होती, शीळ आधी कोणाला ऐकू आली यावरून. बाबा आम्रपालीसोबत मागून चालत होते. मग बांधावर थांबून त्यांनी मागे वळून सारसांकडे पाहिलं.

"त्यातला नर कोणता अन् मादी कोणती," त्यांनी विचारलं, "हे तू कसं ओळखतेस?"

आम्रपालीने त्यांच्याकडे पाहिलं. ते हसत नव्हते. ती बांधावर बसली आणि सांगू लागली.