पडद्यावर मेलेला धावजी

धावजी आडे मेला, हे धावजी आडेला पडद्यावरून कळलं.

राळेगावकडच्या वडतांड्यावर, बंजाऱ्यांच्या वस्तीत, दिवस मावळताना फिल्म लावली होती. दोन हजार सहाचा कार्तिक. कापसाच्या भावाचं पार वाटोळं झालेलं, त्यात इलेक्शन तोंडावर, म्हणून जो तो शेतकऱ्याच्या नावानं गळा काढत होता. फिल्मवाले चैतात धावजीच्याच घरी येऊन गेले होते. आपण दिसणार म्हणून गडी लाल फेटा बांधून पहिल्या रांगेत बसला होता.

दिसला. हार घातलेल्या फोटोत दिसला. मागून जड आवाज म्हणाला, "कर्जानं आणि सरकारी धोरणानं धावजी आडेचा बळी घेतला," आणि पडद्यावर त्याची बायको लालीबाई ऊर फुटेस्तोवर रडायला लागली.

खरी लालीबाई त्याच्या बाजूलाच बसली होती. ती आधी खो खो हसली. मग तिला कळलं आणि तिनं ज्या शिव्या घातल्या, त्या इथं लिहायच्या नाहीत. कर्ज म्हणाल तर धावजीच्या अंगावर उधारीची बिडीसुद्धा नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी फिल्मचा दिग्दर्शक क्षितिज तांड्याजवळच्या नाल्यात सापडला. डोकं फुटलेलं, शुद्ध नाही, श्वास तेवढा चालू. तांड्यानं प्रचाराच्या कागदावरचा नंबर फिरवला. फिल्मचा निर्माता चारुदत्त आणि संकलन करणारी आभा गाडी घेऊन आले, त्याला त्याच्या कॅमेऱ्याच्या बॅगेसकट यवतमाळच्या दवाखान्यात घेऊन गेले. पोलीस नंतर पोचले. पोलीस नंतरच पोचतात.

त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी धावजी लॉकअपमध्ये होता.

"मेलेल्या माणसाला अटक करणारं आपलं पहिलंच ठाणं असेल, साहेब," उपनिरीक्षक भैरवी मोहरील म्हणाली.

"मोहरील, विनोद नको. त्यानं सगळ्या तांड्यासमोर धमकी दिली होती. आणि आता ही टेप आली आहे. उद्या त्याला कोर्टात उभा करा अन् मोकळ्या व्हा."

टेप चारुदत्तनं आणून दिली होती. म्हणे क्षितिजच्या कॅमेऱ्यातच होती. तिची एक प्रत त्यानं लोकल केबलवर आधीच चालवली होती. यवतमाळच्या जुन्या वकील घराण्यातला हा पोरगा, उमेदवाराचा प्रचारप्रमुख. कुठली गोष्ट कधी कुणाला दाखवावी, हे त्याला शिकवावं लागत नव्हतं.

भैरवीनं टेप लावली. धावजीची पाठ. लाल फेटा. झोपडीचं अंगण, मागं कुडाची भिंत, जुन्या गोधडीवर काहीतरी फिकट पिवळं वाळत घातलेलं. धावजी कुऱ्हाड वर उचलतो. त्याचा आवाज येतो, "मले मारतं काय? आज तुले सोडत नाई!" कुऱ्हाड खाली येते आणि काळोख. शब्दांच्या मागं बारीक घरघर होती. शब्द संपले तशी तीही संपली.

"झालं समाधान?" साहेबांनी विचारलं.

"नाही झालं," भैरवी म्हणाली.

लॉकअपमध्ये धावजी भिंतीला टेकून बसला होता.

"धावजीभाऊ, मारलं का तुम्ही त्याला?"

"नाई. मारायचा होता. पन म्हनलं, मेलेला मानूस कायले कोनाले मारते?"

"काल सकाळी कुठं होता?"

"वावरात. कापूस वेचून राह्यलो होतो."

"कोणी पाहिलं?"

"बैलानं."

"टेपमध्ये तुम्ही कुऱ्हाड उचलली आहे."

"कुऱ्हाड तं रोजच उचलतो, बाई. सैपाक कायच्यावर करते मंग? लाकडं का सोताहून फुटते?"

"आणि 'तुले सोडत नाई' म्हणालात ते?"

"म्हनलो ना! फिल्म लावली तवा म्हनलो, साऱ्या लोकायसमोर. जित्त्या मानसाले हार घालते काय हे? थ्या फिल्मवाल्या पोरीनं तं माइकच धरला होता माह्या तोंडासमोर." तो थांबला. "बाई, मले जेलात टाकलं तं लोकं म्हनतीन, आधी मेला, मंग जेलात गेला. मी हाव का नाई, हेच मले समजून नाई राह्यलं."

एवढं बोलून त्यानं तोंड फिरवलं. भैरवीला या माणसाची दया आली आणि फिल्मवाल्यांची चीड.

दवाखान्यात डॉक्टरनं एका वाक्यात सांगितलं. "जखम कुऱ्हाडीची नाही. गोल, जड लोखंडाची आहे."

"दांड्याची?"

"लोखंड म्हटलं ना, मॅडम."

तिथून ती तांड्यावर गेली. तांड्याच्या तोंडाशी मोहाचं मोठं झाड होतं, खाली नुसती धूळ. लालीबाईच्या अंगणात वेचलेल्या कापसाचा पांढरा ढीग पडला होता. भैरवी आधी सगळं अंगण निरखून पाहत राहिली. लालीबाईनं तिला बस म्हटलं नाही.

"आता कोनाले न्याले आल्या? मलेबी मारून टाका फिल्ममधी."

"फिल्म मी पाहिली, लालीबाई. तुम्ही रडता आहात, पण कानाशी घुगरी लटकते आहे, दंडावर चुडो आहे. तुमच्यात नवरा गेल्यावर हे उतरवतात ना?"

लालीबाईचा चेहरा बदलला. "पाह्यलं तुमी? कोनाले दिसलं नाई थे!" तिनं पाट पुढं सरकवला. "थे रडनं माह्या पुष्पाच्या लगनाचं हाये. पोरगी सासरी जाते तवा आमी गळ्यात पडून ढावलो गातो, रडत रडत. साऱ्या बाया रडते. फिल्मवाल्याहीनं पुष्पाले कापलं, मले ठेवलं. माह्या पोरीच्या सासरी जान्याचं रडनं माह्या धन्याच्या मढ्यावर लावलं! किडे पडतीन त्याहिले!"

"लग्नाच्या दिवशी धावजीभाऊंनी लाकडं फोडली होती?"

"मंग? सारा तांडा जेवाले होता."

"आणि परवा फिल्म दाखवली कशी? इथं लाइट तर नसते."

"कुठची लाइट! भारनियमन हाये. जनरेटर आनलं होतं त्याहीनं. असं घरघर करे का कानाले दडे बसले."

भैरवी उठली. परत जाताना मोहाच्या झाडाखाली ती जीपमधून उतरली आणि वर पाहत उभी राहिली. ड्रायव्हरला वाटलं, मॅडमला ऊन लागलं.

चारुदत्त प्रचार कार्यालयात होता. त्यानं खुर्चीतून उठायचीही तसदी घेतली नाही.

"काल सकाळी कुठं होता?"

"बाभुळगावला. सभेची तयारी. पन्नास माणसं सांगतील."

"तुमची पन्नास माणसं काहीही सांगतील. क्षितिजशी भांडण होतं?"

"त्यानं सकाळी फोन केला होता. म्हणे, फिल्म मागं घेतो, तांड्यावर जाऊन माफी मागतो, पेपरवाल्यांनाही सांगतो. मी म्हटलं, माग बापा. माफीनं कुणाची मतं जात नाहीत."

"फिल्म खोटी आहे हे माहीत होतं?"

"मॅडम, मी कापूसपट्ट्यातला माणूस आहे. इथं खरं काय आहे ते पाहायला कोणी तिकीट काढत नाही." तो हसला. "त्या बंजाऱ्याला आत टाका अन् मलाही काम करू द्या."

याच्या कानाखाली काढावी असं भैरवीला फार वाटलं. पण ती लॉजवर गेली. पुण्याची आभा तिथल्या खोलीत कॉम्प्युटरसमोर बसली होती. भिंतीला कॅमेऱ्याचं लोखंडी स्टँड टेकवलेलं होतं.

"काल सकाळी?"

"इथंच. क्षितिज एकटाच गेला एसटीनं, कॅमेरा घेऊन."

"आणि स्टँड?"

"ते इथंच असतं."

"फिल्ममधल्या भावाच्या आलेखाचा पाय कोणी कापला?"

आभानं वर पाहिलं. "म्हणजे?"

"आलेख शून्यापासून सुरूच होत नाही. खालचा सगळा भाग उडवला आहे, म्हणून जरासा उतार कड्यासारखा दिसतो. बाजार समितीतली बैलगाड्यांची एकच रांग दोन बाजूंनी घेऊन दोन वेगळी वर्षं म्हणून दाखवली आहे. लग्नातलं रडणं मरणावर लावलं आहे. हे सगळं कोणाचं काम?"

"माझं," ती शांतपणे म्हणाली. "क्षितिज नुसता शूट करतो. फिल्म माझ्या टेबलावर होते. आणि मला सांगा, मुद्दा खोटा आहे का? माणसं मेली नाहीत या जिल्ह्यात?"

"मेली. मग त्यांच्या घरी जायचं होतं."

"गेलो होतो. तिथं बायका रडत नाहीत हो. नुसत्या बसून राहतात. ते पडद्यावर दिसत नाही."

भैरवीला तिचा राग आला, पण हे वाक्य तिला नंतर कितीतरी दिवस विसरता आलं नाही.

"स्टँड आणि तुमच्या टेपा मी घेऊन जाते आहे," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी कोर्टाच्या आधी तिनं साहेबांच्या खोलीत चौघांना बोलावलं. धावजी, लालीबाई, चारुदत्त आणि आभा. मध्ये टीव्ही होता.

"ही टेप क्षितिजच्या कॅमेऱ्यानं त्या सकाळी घेतली, असं आपल्याला सांगितलं," भैरवी म्हणाली. "साहेब, आधी आवाज ऐका. मागं घरघर आहे. ती शब्दांबरोबर सुरू होते, शब्दांबरोबर संपते. अंगणात कसली घरघर? ती जनरेटरची आहे. हे शब्द धावजी आदल्या संध्याकाळी बोलला, फिल्मसमोर, आणि आभाबाईंनी ते माइकवर घेतले होते. चित्रात धावजीची पाठ आहे, तोंड हलताना दिसतच नाही."

"बरं, आवाज दुसरा," साहेब म्हणाले. "चित्र तर आहे ना?"

भैरवीनं टेप थांबवली. "लालीबाई, गोधडीवर काय वाळून राह्यलं?"

लालीबाईनं वाकून पाहिलं. "मोहफुलं."

साहेब पुटपुटले, "कार्तिकात मोह?"

"चैतात पडतो मोह. आज तिच्या अंगणात कापूस आहे. धावजी इथं माणूस मारत नाही, साहेब. पोरीच्या लग्नाची लाकडं फोडतो आहे. फिल्मवाले त्या दिवशी तिथंच होते. एका दिवसाचं चित्र, दुसऱ्या दिवसाचा आवाज. ज्या रीतीनं धावजीला मारलं, त्याच रीतीनं त्याला गुन्हेगार केलं."

"म्हणजे हा!" साहेबांनी चारुदत्तकडं बोट केलं. "टेप यानंच आणली."

चारुदत्तचा रंग उडाला.

"मलाही तेच आवडलं असतं," भैरवी म्हणाली. "पण हा माणूस कितीही हरामखोर असला, तरी यवतमाळचा आहे. चित्रात मोहफुलं आणि बाहेर कापसाची वेचणी, हे त्यानं पाहिलं असतं तर त्याला लगेच खटकलं असतं. त्यानं टेप घाईत केबलला दिली, नीट पाहिलीसुद्धा नाही. ही टेप जिनं जोडली, तिनं फेटा जुळवला, ऊन जुळवलं. गोधडीवरचं काय आहे, हे तिला ठाऊकच नव्हतं. आभाबाई, तुम्हाला मोह माहीत आहे?"

आभा टीव्हीकडं वाकली.

"क्षितिज कॅमेरा आणि स्टँड घेऊन माफी मागायला निघाला. तुम्ही त्याच्यामागं गेलात. नाल्यावर भांडण झालं. तो फिल्म मोडणार होता, म्हणून तुम्ही त्याचं डोकं फोडलंत आणि रात्रभर बसून टेप बनवलीत. तिथून उचलून आणलेल्या स्टँडच्या पायाच्या सांध्यात रक्त निघालं आहे, केस निघाले आहेत."

"ते कशानंही लागू शकतं."

"लागू शकतं. पण चैतातली कच्ची टेप तुमच्या बॅगेत होती. त्यात धावजी कुऱ्हाड घालतो, लाकूड फुटतं आणि मागं वरातीचा डफडा वाजतो. सगळं जाळायचं होतं, बाई. पण स्वतःचं शूटिंग फेकायला तुमचा जीव झाला नाही."

आभानं त्या थांबलेल्या चित्राकडं पाठ फिरवली. "तो म्हणाला, आपण खोटं बोललो," ती म्हणाली. "दोन वर्षं मी या फिल्मवर घातली. एका माणसासाठी तो सगळं मातीत घालायला निघाला. एका माणसासाठी!"

"थो एक मानूस मी हाव," धावजी म्हणाला.

आभा आत गेली. क्षितिज शुद्धीवर आला, त्यानं तिचंच नाव घेतलं. धावजी सुटला. फिल्म मात्र चालूच राहिली. चारुदत्त गावोगाव लावत होता, आणि खटल्यामुळं गर्दी उलट वाढली.

बाभुळगावच्या चौकात भैरवी बंदोबस्ताला होती. हाराचा फोटो आला. जड आवाज म्हणाला, "बळी घेतला," आणि पहिल्या रांगेतून लाल फेट्याचा माणूस उठून पडद्यासमोर जाऊन उभा राहिला. त्याचाच फोटो त्याच्या तोंडावर पडला.

"ए बुढ्या, बस खाली!"

"म्याच हाव थो!" धावजी ओरडला. "जित्ता हाव! पाहा!"

"अबे दिसून नाई राह्यलं! पिच्चर पाहू दे!"

एक ढेकूळ आलं आणि त्याच्या खांद्यावर फुटलं. तो हलला नाही. बायकांमधून लालीबाई उठली, घुगरी वाजवत त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली. पडद्यावरची लालीबाई रडत होती. ही समोर लोकांना शिव्या घालत होती.

चारुदत्त धावत भैरवीकडं आला. "मॅडम, हटवा त्याला. कायदा-सुव्यवस्थेचा प्रश्न आहे."

"कोणाला?"

"त्या धावजीला!"

"तुमच्या फिल्ममध्ये तो मेला आहे," भैरवी म्हणाली. "मेलेल्या माणसाला हटवायचं कलम माझ्याकडं नाही."

फिल्म संपेस्तोवर धावजी तिथंच उभा होता.