डोंगराच्या पोटातला नर

डोंगराच्या एका उतारावर जांभळे खेकडे, दुसऱ्यावर पिवळे. नात्यानं सख्खी चुलत भावंडं! पण गोड्या पाण्यातली ही मंडळी पिल्लं पोटाशी घेऊन वाढवतात, प्रवाहावर सोडून देत नाहीत. कोरडा कडा ओलांडणं त्यांच्या बापजन्मी जमायचं नाही. मग एकच खानदान दोन्हीकडे पसरलं कसं? प्राणिशास्त्राच्या बाई दहा वर्षं एकच सांगत होत्या : दोन्हीकडचं पाणी डोंगराच्या पोटात मिळतं, मूळ घराणं तिथंच असणार. ते शोधायला त्या आज गुहेत उतरल्या. सोबत त्यांचे मामा. विहिरी उपसण्यात आयुष्य गेलेले.

पाणी घोट्याएवढं.

पहिला खेकडा लवकरच बरणीत आला. पांढरा, डोळे नावापुरते. पण मादी! झालं ना काम, असं मामांचं म्हणणं. बाई ऐकेनात. खेकड्याची जात पक्की ठरते ती नराच्या पोटाखालच्या अवयवावरून.

"तुला नवरा शोधतानाही एवढी पायपीट झाली नव्हती," मामा पुटपुटले आणि त्यांनी आपल्या कमरेपासून बाईंच्या कमरेपर्यंतचा दोर आणखी सैल सोडला.

पाणी गुडघ्याएवढं.

मामांनी ओंजळ दिव्याखाली धरली. लाल गढूळ! अलीकडची माती तर काळी.

"पलीकडे पाऊस पडतोय."

 निघताना बाईंनी आभाळ नीट पाहिलं होतं. फक्त अलीकडचं! दोन्हीकडचं पाणी एक, हे जगाला पटवणारी बाई स्वतःच ते विसरली होती.

कंबर.

छाती.

बरणी वाहून गेली. मामा दोर धरून पुढे निघाले, आणि त्यांच्यामागे वळता वळता बाईंना कपारीत तो दिसला. नर! बाईंनी झडप घातली. त्याचा एक पाय मुठीत आला. खेकडा कपारीत रुतून बसला. दोर ताणला. पाणी हनुवटीला! वर छत, मध्ये वीतभर हवा.

"सोड त्याला. तुझ्या आईला मी काय सांगू?"

बाईंना सोडवेना. खेकड्यानंच सोडलं. कट्! आपला पाय सांध्यातून टाकून तो सुटला आणि हातभर अंतरावर थांबला. अजून धरता आला असता.

बाईंनी तुटका पाय दातांत धरला. दोन्ही हात दोरावर घातले. डोकं पाण्याखाली गेलं.

अंधार. दगड. श्वास नाही. दगड.

उजेड!

बाहेर खडकावर मामांनी विचारलं, एवढ्याशा पायावर भागेल का? पायातल्या मांसावरून नातं कळेल, बाई म्हणाल्या. पण नव्या जातीला नाव देता येणार नाही, त्याला अख्खा नर लागतो. मामा कमरेची गाठ सोडायला वाकले. भिजलेली गाठ त्यांना सोडवेना. बाईंनाही. बराच वेळ दोघं तशीच, एका दोरानं बांधलेली, बसून राहिली.