अठ्ठाविसाव्या चौकोनातलं पाणी

मी समाधानला होकार दिला. पण हे झालंच नाही असं समजून पुढं वाचा, कारण गोष्ट सुरू होते तेव्हा माझा त्याच्यावर चोरीचा संशय होता.

१९९६ साल, बारामती, इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष. कॉम्प्युटर लॅबच्या दारात मी आणि वर्गातला समाधान एकमेकांवर आदळलो. त्याच्या हातातले छापील कागद खाली पसरले. माझ्याच प्रोग्रामचे! त्यानं ते गोळा केले, नीट क्रमानं लावले आणि... स्वतःच्याच काखेत घातले.

"ते माझे आहेत," मी म्हणाले.

"व्हय," तो म्हणाला आणि गेला.

निमगाव केतकीत आमच्या डाळिंबाच्या शेवटच्या ओळींना ठिबकचं पाणी पोचत नव्हतं. पाइपला फाटा फुटतो तिथं पाणी कसं वळतं, हे मी कॉम्प्युटरला विचारत होते. पाइपचे चारशे चौकोन पाडायचे, प्रत्येकातला दाब काढायचा, शेजारच्याशी जुळेना म्हणून पुन्हा काढायचा. अशा हजार फेऱ्या, चार तास. लाइट दोन तासांनी जायची. शनिवारी प्रोजेक्ट दिला नाही तर वर्ष बुडणार आणि अप्पा मला इंदापूरच्या खतवाल्याच्या घरात देणार, हे ठरलेलं. मुलगा सभ्य होता, पण युरियाशिवाय त्याला विषय नव्हता.

लाइट गेली की मशीनमधलं सगळं पुसलं जायचं. तरी लाइट आल्यावर मी परत यायचे तेव्हा कुणीतरी आकडे पुन्हा भरलेले असायचे आणि माझं गणित शेवटच्या छापील कागदाच्या तीन फेऱ्या पुढं असायचं. आणि अठ्ठाविसाव्या चौकोनात पाणी उलटं विहिरीकडं निघालेलं. ते दुरुस्त केलं की दुसऱ्या दिवशी एकतिसाव्यात.

गुरुवारी लाइट गेल्यावर मी जायचं नाटक केलं आणि खिडकीशी थांबले. समाधान दोनशे पानी वही उघडून, कॅलक्युलेटर घेऊन, माझे चारशे चौकोन हातानं सोडवत होता. माझा संशय आणखी वाढला. एवढ्या कष्टानं चोरी कोण करतं?

आत जाऊन मी वही ओढली. लाइट नसताना माझं काम थांबू नये म्हणून करतो, म्हणाला. मी सांगितलं, शेवटचे छापील आकडे भरले असते तरी पुरलं असतं. या तीन फेऱ्या मशीन मिनिटभरात करतं.

"ठावं हाय," तो म्हणाला. "पण मशीनला तुमी आवडत न्हाय."

मी कॅलक्युलेटरकडं बघत राहिले. तो बंद होता.

"आणि उलटं पाणी? ती चूक मुद्दाम केलीस?"

"पहिली न्हाय."

उत्तर बरोबर आलं की मी लॅबला यायची थांबेन, हे त्यानं माझ्याकडं न बघता वहीलाच सांगितलं. मी शेजारचं स्टूल ओढलं.

शुक्रवारी सगळ्या चुका खोडल्या. पाणी शेवटच्या ओळीपर्यंत सरळ गेलं. शनिवारी प्रोजेक्ट दिला, अप्पांनी खतवाल्याला नकार कळवला. मग आम्ही दोघांच्या सहीनं विभागप्रमुखांना अर्ज केला:

"महोदय, प्रोजेक्ट वेळेत पूर्ण झाल्याने आमची गंभीर गैरसोय झाली आहे. तरी शेवटच्या वर्षानंतर आम्हांस आणखी एक शेवटचे वर्ष मंजूर करावे, ही नम्र विनंती."