रिटाची क्रियापदं कोणी बदलली?

"चोरी झालेली नाही, निकोलसकाका. उलट कोणीतरी मला न मागता काहीतरी दिलंय," वसईजवळच्या गास गावची रिटा तुस्कानो म्हणाली.

निकोलस डाबरे वसईत खाजगी तपास करीत. त्यांचा मित्र प्लासिड केळीची बाग सोडून रोज त्यांच्याकडेच येऊन बसे. त्याने रिटाला खुर्ची दिली.

मुंबईच्या एका इंग्रजी साप्ताहिकाला उपसंपादक हवा होता. रिटाने अर्नाळ्याच्या वादळावर लेख पाठवला. आता सोमवारी मुलाखतीचं बोलावणं आलं होतं. पत्रात लिहिलं होतं, 'तुमची क्रियापदं जिवंत आहेत.'

"ती माझी नाहीत," रिटा म्हणाली. "टाईप केलेल्या लेखाची कार्बन प्रत मी आज वाचली. दुसऱ्याच्या शब्दांवर नोकरी कशी घेऊ?"

तिने हाताने लिहिलेला मूळ लेख आणि कार्बन प्रत शेजारी शेजारी मांडली. तिचं वाक्य होतं, 'द बोट वेंट टु द शोर.' टाईप झालं होतं, 'द बोट लिम्प्ड टु द शोर.' 'द विंड वॉज स्ट्राँग'चं झालं होतं, 'अ गेल टोर द सेल्स.' आणि 'द विमेन वेअर क्राइंग'च्या जागी, 'मदर्स सॉब्ड.'

"वा," प्लासिड पुटपुटला. त्यालाही ती बोट लंगडत येताना दिसली.

लेख तिघांच्या हातून गेला होता. निवृत्त इग्नेशियस मास्तर म्हणाले, "मी फक्त स्वल्पविराम घातले." त्यांची लाल शाई खरोखर तेवढीच होती. रिटाचा भाऊ मायकल म्हणाला, "फुटबॉलला जाताना मी तो फेबियनकडे टाकला. वाचतो कोण?"

टायपिंगचे वर्ग चालवणारा फेबियन खाली बघत म्हणाला, "समोर येतं ते मी टाईप करतो. टपालातही मीच टाकलं."

त्याच्या दारावर टाईप केलेली इंग्रजी पाटी होती, 'क्लोज्ड ऑन वेन्सडे'. वाराचं पहिलं अक्षर मात्र पेनाने काढलेलं होतं. निकोलस तिथे जरा रेंगाळले.

"मास्तरच," बाहेर येताच प्लासिड म्हणाला. "मिळमिळीत क्रियापदं बदलायची खोड मास्तरांचीच."

"मग 'विंड' का गेलं? 'विमेन' का गेल्या? ती काय क्रियापदं आहेत?"

संध्याकाळी निकोलसनी सगळ्यांना फेबियनकडे जमवलं.

"रिटा, टाईप झालेल्या लेखात डब्ल्यू शोध," ते म्हणाले.

तिने बोट फिरवत पान संपवलं. "एकही नाही."

"वॉज, वेअर, वेंट, विंड, विमेन. ज्यात ते अक्षर होतं तो प्रत्येक शब्द गेला. दारावरच्या पाटीतही ते पेनानेच आलं. फेबियन, ती कळ तुटली होती ना?"

फेबियनने मान डोलावली. "सुटा भाग मुंबईहून यायचा होता आणि लेख टपालात टाकायची शेवटची तारीख दुसऱ्याच दिवशी होती. पानभर पेनाची अक्षरं गबाळी दिसली असती. म्हणून शब्दकोश काढला. 'वेंट' नाही, तर मग बोट आली कशी? मी त्या दिवशी किनाऱ्यावरच होतो, रिटा. ती लंगडतच आली होती. मग मला थांबताच येईना. नंतर तुला सांगायला जीभ रेटली नाही."

रिटाने दोन्ही प्रती पुन्हा जवळ ओढल्या. "मला विचारायला हवं होतंस," ती म्हणाली. "आणि मीही ते असंच बघायला हवं होतं."

सोमवारी तिने संपादकांना सगळं खरं सांगितलं. त्यांनी समोर कोरा कागद सरकवला आणि सकाळी पाहिलेलं काहीही लिहायला सांगितलं.

मंगळवारी ती आली तेव्हा प्लासिडनेच आधी विचारलं, "काय लिहिलंस?"

"पाचूबंदरची एक मावशी मासळीची टोपली उचलत होती. आधी 'लिफ्टेड' लिहिलं. मग तिची मान आठवली, मानेवरच्या शिरा आठवल्या. ते खोडून 'हीव्ड' लिहिलं."

"आणि नोकरी?"

"एक तारखेपासून," रिटा म्हणाली. "संपादकांनी फेबियनचाही पत्ता घेतलाय."